सर्वांची वनसहल

‘अभयारण्य’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. अभय म्हणजे भीतीचा अभाव आणि अरण्य म्हणजे रान. जेथे पशुपक्ष्यांना मनुष्याच्या बंदुकीचे, फाशाचे किंवा कुऱ्हाडीचे भय बाळगावे लागत नाही, असे मुद्दाम राखून ठेवलेले रान म्हणजे अभयारण्य होय. आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. अभयारण्यात शिकार करणे, घरटी मोडणे, अंडी उचलणे, झाडे तोडणे या गोष्टींना त्या कायद्याने मनाई आहे. अशा ठिकाणी मनुष्य पाहुणा म्हणून जातो आणि पाहुण्यासारखाच परत येतो. तेथील एखादी वस्तू खिशात घालून आणण्याचा त्याला अधिकार नसतो.

परभणी जिल्ह्यातील मुलांना एका दिवसाच्या सहलीत पाहता येतील अशी दोन अभयारण्ये जवळपासच्या जिल्ह्यांत आहेत. जिंतूरवरून उत्तरेकडे गेले, की बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथील प्रसिद्ध सरोवर लागते. या सरोवराचा परिसर २००० साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. दुसरे अभयारण्य पश्चिमेकडे, गोदावरीच्या वरच्या अंगाला आहे. पैठण येथे गोदावरी अडवून जायकवाडीचे धरण बांधले गेले आणि त्यामुळे नाथसागर नावाचा विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. हिवाळ्यात या जलाशयावर दूरदेशीचे पक्षी येऊ लागले, म्हणून १९८६ साली तेथे पक्षी अभयारण्य करण्यात आले. परभणी जिल्ह्यातील कित्येक शेतांना जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळते. आपल्या शिवारातील ऊस ज्या पाण्यावर वाढतो, त्याच पाण्यावर लडाखकडून आलेली बदके पोहत असतात, ही गोष्ट किती मौजेची आहे!

शाळेची सहल निघावयाची ठरली, की वर्गात नावे लिहून घेतली जातात. अशा वेळी एखाद्या नावाशी लेखणी थबकते. एखाद्या मुलास डोळ्यांनी दिसत नाही. एखादी मुलगी चाकांच्या खुर्चीतून शाळेत येते. एखाद्यास ऐकू येत नाही. एखाद्यास शिकविलेले समजण्यास इतरांहून अधिक वेळ लागतो. तर एखादा मुलगा मोठा आवाज किंवा नवी जागा यांनी फार अस्वस्थ होतो. ‘त्याला नेऊन काय उपयोग? त्याला तेथे काय दिसणार?’ असे कोणी तरी म्हणते. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट हेतू असतोच असे नाही. पुष्कळदा काळजीपोटीच तो असे बोलतो. परंतु परिणाम एकच होतो: सहलीच्या दिवशी ते मूल घरी राहते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वजण ज्या गोष्टींविषयी बोलतात, त्या गोष्टींत त्याला बोलण्यासारखे काहीच उरत नाही.

या बाबतीत आपल्या देशाचा कायदा काय सांगतो, ते प्रथम पाहू. २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा संमत झाला आणि तो २०१७ साली अमलात आला. या कायद्यात एकवीस प्रकारच्या अक्षमतांचा उल्लेख आहे. शासनाने चालविलेल्या आणि शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, आणि शिक्षणाबरोबरच खेळ व मनोरंजन यांची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा अशा मुलाला सहलीस नेणे म्हणजे त्याच्यावर उपकार करणे नव्हे. तो त्याचा हक्क आहे.

पण हक्क आहे असे म्हटल्याने डोंगर सपाट होत नाही. त्यासाठी विचार करावा लागतो, मोजमाप करावे लागते, तयारी करावी लागते. तो विचार कसा करावा, हे लोणारच्या उदाहरणावरून पाहू.

लोणारचे सरोवर हे एक आश्चर्य आहे. लवणासुर नावाचा दैत्य या ठिकाणी राहत होता व विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याचा नाश केला, अशी कथा लोक सांगतात. गावात दैत्यसूदनाचे सुंदर कोरीव मंदिरही आहे. शास्त्रज्ञ मात्र या सरोवराची वेगळी हकिकत सांगतात. अलीकडील मोजमापांनुसार सुमारे पावणेसहा लाख वर्षांपूर्वी आकाशातून एक प्रचंड अशनी येथे कोसळला. त्याच्या आघाताने काळ्या बेसाल्ट खडकात एक गोल खळगा पडला आणि त्यात पाणी साचून हे सरोवर झाले. खळग्याचा वरचा काठ सुमारे १,८०० मीटर व्यासाचा आहे. तळाशी असलेल्या सरोवराचा व्यास सुमारे १,२०० मीटर आहे. काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर आहे. पाणी खारट व आम्लारिधर्मी आहे. अशा पाण्यात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव विपुल आहेत. २०२० सालच्या जून महिन्यात या पाण्याचा रंग गुलाबी झाला होता, तो क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळेच. त्याच वर्षी लोणारला ‘रामसर स्थळ’ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान मिळाला.

आता चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्या मुलीचा विचार करू. ती सरोवराच्या पाण्यापर्यंत उतरू शकेल काय? याचे उत्तर भावनेने नव्हे, तर गणिताने मिळते. चाकांच्या खुर्चीसाठी उतरंड बांधताना एक नियम पाळतात. एक मीटर उंची चढावयाची असेल, तर उतरंडीची लांबी निदान बारा मीटर असावी. याहून उभा चढ असला, तर खुर्ची ढकलणे कष्टाचे व धोक्याचे होते. लोणारची खोली १३७ मीटर आहे. तिला बाराने गुणले, तर १,६४४ मीटर होतात. म्हणजे दीड किलोमीटरहून अधिक लांबीची उतरंड हवी आणि मधून मधून विसाव्यासाठी सपाट जागा हव्या त्या निराळ्याच. प्रत्यक्षात काठ व पाणी यांच्यामधील आडवे अंतर सुमारे तीनशे मीटरच भरते. तेवढ्यात १३७ मीटर उतरावयाचे, म्हणजे सुमारे दोन मीटर पुढे गेले, की एक मीटर खाली. तेव्हा या मुलीने खाली उतरणे सुरक्षित नाही, हे उघड झाले.

येथे थांबून एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. ‘ही मुलगी लोणारला जाऊ शकत नाही’ असे या गणितावरून सिद्ध झाले नाही. ‘ही मुलगी उताराच्या वाटेने तळाशी जाऊ शकत नाही’ एवढेच सिद्ध झाले. या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. अडचण नेमकी कोठे आहे ते शोधले, म्हणजे ती लहान होते. न शोधता ‘जमणार नाही’ म्हटले, म्हणजे ती संपूर्ण सहलीला झाकून टाकते.

शिवाय, लोणारचे खरे आश्चर्य कोठून दिसते? काठावरून! तळाशी उभ्या असलेल्या मनुष्यास सभोवार झाडी व चढ दिसतात. परंतु आपण एका प्रचंड वर्तुळाच्या आत आहोत, हे त्याच्या एका दृष्टिक्षेपात मावत नाही. संपूर्ण वर्तुळ, त्यातील हिरव्या वनाचे कडे आणि मध्यभागी तळपणारे पाणी हे दृश्य वरूनच पाहावे. उलट पाण्याचा उग्र वास, काठावरील क्षारांचे थर, झाडीतील पडक्या देवळांचे कोरीव काम या गोष्टी खाली गेल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून शहाणे शिक्षक असा बेत करतात: प्रथम सर्व वर्गाने एकत्र काठावर थांबावे व सरोवर पाहावे. नंतर काही मुलांनी शिक्षकांबरोबर खाली जावे आणि काहींनी काठावर राहावे. काठावर राहणारी तुकडी केवळ चाकांच्या खुर्चीतील मुलीची नसावी. तिच्याबरोबर वर्गातील इतर मुलेही राहावीत. या तुकडीने दुर्बिणीतून पाहून सरोवराचा नकाशा काढावा, पाण्यावर किती पक्षी आहेत ते मोजावे, उन्हाबरोबर पाण्याचा रंग कसा बदलतो ते लिहून ठेवावे. खाली जाणाऱ्या तुकडीने तेथील बारकावे पाहून यावेत. दुपारी भाकरी खाताना दोन्ही तुकड्यांनी आपापली माहिती एकमेकांस सांगावी. अभयारण्यातून दगड किंवा पाने उचलून आणावयाची नसतात. त्यामुळे खाली जाणाऱ्यांना सर्व काही शब्दांनीच आणावे लागते. अशा रीतीने वर्गाच्या वहीत जे लोणार उतरते, ते दोन्ही तुकड्यांनी मिळून पुरे केलेले असते.

ज्या मुलास दिसत नाही, त्याने काठावर उभे राहून काय करावे? त्याच्यासाठी सहलीची सुरुवात आदल्या आठवड्यात शाळेतच झाली पाहिजे. घरातील एक परात आणा. ३६ सेंटिमीटर तोंडाची, २४ सेंटिमीटर तळाची आणि पावणेतीन सेंटिमीटर खोलीची परात मिळाली, तर ती लोणारची जवळजवळ अचूक प्रतिकृती होते! १,८०० मीटरला पाच हजारांनी भागले, की ३६ सेंटिमीटर येतात. १,२०० मीटरचे २४ सेंटिमीटर होतात. आणि १३७ मीटरचे सुमारे पावणेतीन सेंटिमीटर. परातीच्या आतल्या कडेला ओली माती थापून उतार तयार करावा, त्यावर झाडीसाठी मोहरी किंवा बाजरी टोचावी आणि तळाशी थोडे पाणी घालावे. आता त्या मुलाने काठावरून बोट फिरवावे व हळूहळू तळाकडे न्यावे. उतार, वनाचे कडे, पाणी ही सर्व त्याच्या बोटांना कळतील. या परातीत मनुष्य केवढा असेल, ते विचारा. दीड मीटर उंचीचे मूल पाच हजारांनी भागले, तर ते खसखशीच्या दाण्याच्या निम्म्याएवढेही भरत नाही. हे ऐकून ज्यांना डोळ्यांनी दिसते, तीही मुले चकित होतील; कारण फळ्यावर काढलेल्या चित्रातून लोणारचा हा प्रचंडपणा त्यांनाही कळलेला नसतो.

प्रत्यक्ष रानात गेल्यावर कान, नाक आणि त्वचा ही इंद्रिये कामास येतात. अनुभवी पक्षीनिरीक्षकही कित्येक पक्षी आधी ऐकतात आणि मग पाहतात. दाट पानांत लपलेला तांबट दिसत नाही, परंतु तांब्यावर हातोडी पडावी तसा त्याचा ‘टुक टुक’ आवाज दूरवर ऐकू येतो. म्हणून तर त्याला तांबट म्हणतात. टिटवीने आपले नाव आपल्या आवाजावरूनच मिळविले आहे. पावशा ‘पेरते व्हा’ असे सांगतो, असे शेतकरी मानतात. सातभाई थव्याने कलकलाट करतात, होला मंद घुमतो, वानर हुप्प करून धोक्याची सूचना देतात. सर्व वर्गाने पाच मिनिटे डोळे मिटून गप्प बसावे आणि किती निरनिराळे आवाज ऐकू आले ते मोजावे. ज्याला दिसत नाही, तो मुलगा या परीक्षेत पुष्कळदा पहिला येतो. याचे कारण त्याला काही दैवी शक्ती मिळालेली असते, असे नाही. त्याने कानांना रोज काम दिलेले असते आणि आपण दिलेले नसते.

स्पर्शाने केवढे ज्ञान मिळविता येते, याचे एक उदाहरण ऐकण्यासारखे आहे. गेरात व्हर्मे यांचा जन्म १९४६ साली नेदरलँड्स देशात झाला. डोळ्यांच्या रोगामुळे वयाच्या तिसऱ्या वर्षीच त्यांची दृष्टी कायमची गेली. पुढे त्यांचे कुटुंब अमेरिकेत गेले. तेथील शाळेत त्यांच्या शिक्षिकेने फ्लोरिडाच्या उष्ण समुद्रकिनाऱ्यावरून आणलेले शंख वर्गाच्या खिडकीत मांडून ठेवले होते. लहानग्या गेरातने ते हातांनी चाचपले. नेदरलँड्सच्या थंड किनाऱ्यावर त्याने जे शंखशिंपले हाताळले होते, त्यांहून हे शंख अधिक गुळगुळीत व अधिक नक्षीदार होते. ‘असे का?’ हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला. मोठेपणी व्हर्मे हे शंखांचे जगप्रसिद्ध अभ्यासक व कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले. उष्ण समुद्रातील शंखांवर मोडल्याच्या व पुन्हा सांधल्याच्या खुणा त्यांच्या बोटांना लागत. त्यांवरून त्यांनी दाखवून दिले, की बळकट नांग्यांचे खेकडे शंख फोडण्याचा प्रयत्न करतात आणि त्यांच्यापासून बचाव व्हावा म्हणून लक्षावधी वर्षांत शंख अधिक जाड, अधिक अरुंद तोंडाचे होत गेले. आता विचार करा: ‘दिसत नाही, मग याला शंख कशाला दाखवावयाचे?’ असे त्या शिक्षिकेने म्हटले असते, तर?

ज्या मुलीस ऐकू येत नाही, तिची अडचण निराळी आहे. तिला रान स्वच्छ दिसते. किंबहुना दूर हललेले पान तिला इतरांच्या आधी दिसते. पण शिक्षक काय सांगत आहेत, ते तिला हातांच्या खुणांवरून किंवा ओठांवरून समजून घ्यावे लागते. म्हणून शिक्षकांनी तिच्याकडे तोंड करून बोलावे आणि सूर्य तिच्या पाठीशी राहील असे उभे राहावे. सूर्य शिक्षकांच्या पाठीशी असला, तर त्यांचा चेहरा व हात काळे दिसतात आणि तिला काहीच कळत नाही. आणखी एक साधी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दुर्बीण डोळ्यांना लावल्यावर तिला खुणा दिसू शकत नाहीत. इतर मुले पक्षी पाहता पाहता वर्णन ऐकतात; तिला दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येत नाहीत. म्हणून आधी सांगावे, मग थांबावे, मग पाहू द्यावे. या थांबण्याने कोणाचेच नुकसान होत नाही. गडबडीत पाहणारी मुलेही त्यामुळे नीट पाहू लागतात. खुणांची भाषा ही हातवाऱ्यांची गंमत नसून स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. सहलीच्या आधी त्या मुलीकडूनच पक्षी, पाणी, थांब, तिकडे पाहा, पुन्हा सांग अशा दहा-बारा खुणा सर्व वर्गाने शिकून घ्याव्यात. रानात हळू बोलावयाचे असते, तेव्हा त्या सर्वांच्याच उपयोगी पडतात. त्या दिवशी तीच वर्गाची शिक्षिका होते.

काही मुले स्वमग्न असतात. त्यांना नित्याचा क्रम बदलला, की भीती वाटते. मोठा आवाज, गर्दी, अचानक झालेला स्पर्श यांचा त्यांना त्रास होतो. जी गोष्ट आपल्याला नवलाची वाटते, ती त्यांना वादळासारखी वाटू शकते. अशा मुलासाठी सहलीचा दिवस आधीच चित्रांतून उलगडून दाखवावा: पहिल्या चित्रात गाडी, दुसऱ्यात काठ, तिसऱ्यात झाडाखाली बसून खाणे, चौथ्यात परतीची वाट. एक गोष्ट झाली, की त्या चित्रावर खूण करावी. पुढे काय होणार हे कळले, म्हणजे निम्मी भीती जाते. गाडीत जोराने गाणी लावू नयेत. गर्दीपासून दूर अशी एक शांत जागा ठरवून ठेवावी आणि वाटेल तेव्हा तेथे जाऊन बसण्याची त्याला मोकळीक द्यावी. अशा मुलांपैकी काहींचे एखाद्याच विषयावर विलक्षण लक्ष असते. एखादा मुलगा मुंग्यांची रांग अर्धा तास पाहत बसला, तर त्याला ‘चल, पुढे बघ’ म्हणून ओढू नये. त्या अर्ध्या तासात त्याने जे पाहिले, ते धावत पुढे गेलेल्यांनी पाहिलेले नसते.

ज्यांना समजण्यास अधिक वेळ लागतो, त्यांना एका वेळी एकच गोष्ट दाखवावी. वीस पक्ष्यांची नावे सांगून काही उपयोग होत नाही. एकच पक्षी पुन्हा पुन्हा दाखवावा, त्याची चोच, त्याचे पाय, त्याचे चालणे यांकडे लक्ष वेधावे आणि परतताना ‘तो पुन्हा कोठे दिसतो का पाहा’ असे काम द्यावे. घरी गेल्यावर त्या मुलाने आईला एका पक्ष्याचे नाव अचूक सांगितले, तर ती सहल सफल झाली असे समजावे.

नाथसागराची गोष्ट लोणारहून वेगळी आहे. तेथे खोल दरी नाही. पाणी उथळ व काठ पुष्कळ ठिकाणी सपाट आहे. म्हणून चाकांच्या खुर्चीतील मुलास तेथे जाणे त्या मानाने सोपे. परंतु पाण्याजवळ चिखल असतो व चाके रुततात. अशा वेळी कोरड्या जागी थांबावे किंवा गाडीत बसूनच पाहावे. पक्षी उभ्या, चालत्या माणसाला जितके बिचकतात, तितके थांबलेल्या गाडीला बिचकत नाहीत. हिवाळ्यात येथे हिमालयापलीकडून चक्रवाक पक्षी येतात. त्यांचा रंग भगवा-तांबूस असतो आणि हाक दूरवर ऐकू जाते. हिमालयाची शिखरे ओलांडणारे पट्टकदंबही मराठवाड्याच्या जलाशयांवर उतरतात. लांब पायांचे रोहित पक्षी उथळ पाण्यात माना उलट्या घालून अन्न गाळून खातात. हे सर्व पाहण्यास धावपळीची गरज नाही. एका जागी निश्चल बसणे हीच येथील मोठी विद्या आहे. जो शांत बसतो, त्याच्या जवळ पक्षी येतात.

अशा सहलीची तयारी कशी करावी, तेही थोडक्यात पाहू. शिक्षकांपैकी एकाने आधी तेथे जाऊन यावे. गाडी कोठपर्यंत जाते, तेथून किती पावले चालावे लागते, पायऱ्या किती आहेत, सावली कोठे आहे, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह कोठे आहे आणि चाकांची खुर्ची त्याच्या दारातून आत जाते की नाही, हे मोजून लिहून आणावे. वनविभागाच्या अधिकाऱ्यांना आधी कळवावे. परभणीकडचा उन्हाळा फार कडक असतो. म्हणून शेतात ज्वारीचा हुरडा तयार होतो, त्या थंडीच्या दिवसांत सहल काढावी. पालकांना विचारून प्रत्येक मुलाचे औषध, त्याची वेळ, त्याच्या आवडीनिवडी यांची नोंद करावी. शिदोरीला दशम्या व धपाटे असावेत. परंतु एखादे मूल ठरावीकच अन्न खात असेल, तर ते बरोबर घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या मुलासाठी ही तयारी चालली आहे, त्यालाच विचारावे. त्याला काय हवे आहे, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

मदत करण्याचीही एक रीत असते. अंध मुलास हात धरून ओढू नये किंवा पाठीमागून ढकलू नये. त्याने आपल्या सोबत्याचे कोपर धरावे आणि सोबत्याने अर्धे पाऊल पुढे चालावे. म्हणजे सोबत्याच्या हालचालीवरून वळण व पायरी त्याला आपोआप कळते. चाकांच्या खुर्चीला तिच्यात बसलेल्यास विचारल्याशिवाय हात लावू नये. लहानशा तीव्र उतारावर खुर्ची उलटी करून, म्हणजे बसलेल्याचे तोंड चढाकडे ठेवून, सावकाश उतरवितात व सोबती खालच्या बाजूस राहून तिचा भार सांभाळतो. हे काम मोठ्या माणसांनीच करावे. बोलतानाही काळजी घ्यावी. आपल्या भाषेत शारीरिक उणिवांवरून केलेल्या काही जुन्या म्हणी आहेत. त्या कोणावर फेकून मारू नयेत. प्रत्येकाला त्याचे नाव असते, आणि नावानेच हाक मारावी.

अभयारण्यात कायद्याने हरणाला आणि घोरपडीला अभय दिले आहे. मुलालाही एक प्रकारचे अभय हवे असते. आपण मागे पडलो, तर वर्ग निघून जाईल. आपण चुकलो, तर कोणी हसेल. आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा होतो असे कोणी म्हणेल, ही भीती त्याच्या मनात नसावी. हे अभय सरकारी आज्ञापत्राने मिळत नाही. ते वर्गसोबत्यांकडूनच मिळावे लागते.

आता एक काम करा. तुमच्या शाळेची मागची सहल आठवा. त्या दिवशी कोण घरी राहिले होते आणि का, ते शोधून काढा. अडचण पायऱ्यांची होती, आवाजाची होती, पैशाची होती, की कोणी विचारलेच नाही एवढीच होती, हे एका कागदावर लिहा. मग पुढच्या सहलीची यादी करावयाच्या आधी तो कागद आपल्या शिक्षकांपुढे ठेवा.